उतारावरची ऊब

जमीन थंड होईल का, एवढंच त्या बाईला विचारायचं होतं. बाकी गावाला वीज हवी होती, मोहफुलं वाळवायला गरम हवेची खोली हवी होती, पावसाळ्यात दिवसच्या दिवस गायब होणारी लाइन नको होती. तिला यातलं काही नको होतं असं नाही, पण तिचं मन तिकडे नव्हतं. गावामागच्या उतारावर एका जागी जमिनीतून कोमट पाणी पाझरतं. त्या पाण्याच्या वरच्या अंगाला तिचं लेकरू पुरलेलं होतं. तिथली माती भर थंडीतही उबदार असते, म्हणूनच तिथं पुरलं होतं. आणि आम्ही तर जमिनीतली उष्णताच काढायला आलो होतो. ती काढली की माती गार पडेल का, हा तिचा प्रश्न. तो तिनं मला विचारला, कारण मी कंपनीचा माणूस होतो आणि उत्तरं देण्यासाठीच मला पाठवलेलं होतं.

माझं काम म्हणजे नुसतं बोलणं. नेमणुकीच्या कागदावर त्याला भारदस्त नाव होतं, पण गावात मला ‘समजावनेवाला’ म्हणत आणि तेच खरं होतं. जमिनीला भोक पाडणारे वेगळे, नकाशे काढणारे वेगळे. मी त्यांच्या आधी जायचं, लोकांना सांगायचं की जमिनीच्या पोटात उष्णता आहे, तिच्यावर वीज करता येते, धूर होत नाही, कोळसा लागत नाही. लोकांनी हो म्हटलं की मशीनची गाडी बोलवायची. नाही म्हटलं की पुन्हा जायचं आणि पुन्हा तेच सांगायचं. अशी किती गावं झाली ते मी मोजणं सोडून दिलं होतं. एकच गोष्ट इतक्यांदा सांगितली की आपलाच आवाज आपल्याला रेडिओतून आल्यासारखा वाटतो. मला तसा वाटायला लागून बराच काळ झाला होता.

तरी त्या गोष्टीवर माझा विश्वास होता, हे सांगायला पाहिजे. मी मूळचा सावली तालुक्यातला, धानाच्या पट्ट्यातला, पण वाढलो चंद्रपुरात. वडील कोळशाच्या कामावर होते. आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत पांढरा राहत नाही, आणि आई कपडे आत घेताना आधी दोनदा झटकते. जमिनीतून नुसती वाफ काढून दिवे लागतात, असं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो सदराच आला. म्हणून ही नोकरी धरली. पोटापाण्याचं तर होतंच, पण निव्वळ तेवढंच नव्हतं.

कुठल्याही गावात गेलं तरी पहिला प्रश्न ठरलेला असायचा. मी तक्ता उलगडायच्या आतच कोणीतरी म्हणायचं, ‘‘कोळसा तर नाई ना, भाऊ?’’ आमच्या जिल्ह्यांत बाहेरचा माणूस जमीन बघायला आला की तो कोळशासाठी नाहीतर लोखंडासाठी आलेला असतो, आणि आधी तो नेहमी हेच म्हणतो की नुसतं बघायला आलोय. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी म्हणायचो, ‘‘कोळसा नाही, बापा. नुसती गरमी.’’ मग कोणीतरी मागून बोलायचं, ‘‘गरमी तर वरतेच लय हाये, खालून कशाले काढता?’’ सगळे हसायचे. मीही हसायचो. पहिल्या काही गावांत ते हसू खरं होतं.

हे गाव मुलचेऱ्याच्या पुढं, जंगलात. चंद्रपूरहून गोंडपिपरी, मग आष्टीचा पूल, मग मुलचेरा. तिथं एका बंगाली दादाच्या हॉटेलात चहा घ्यायचा, कारण त्यापुढं मोबाइलला रेंज नाही, आणि साहेबांना फोन तिथूनच करावा लागे. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, पुण्याचे. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना प्रत्येक फोनवर एकच विचारायचं असे, ‘‘झालं का?’’

गावात माणसं मोजकी, घरं विखुरलेली, भोवती धानाच्या बांध्या आणि त्यांच्या कडेनं एक बोडी, म्हणजे छोटं तळं. बैठक समाजमंदिरात भरली. मी माझा तक्ता खुंटीला टांगला. त्यावर पृथ्वी कांद्यासारखी मधोमध कापून दाखवली होती. एका बाजूनं लाल बाण वर येत होता, गरम पाण्याचा. दुसऱ्या बाजूनं निळा बाण खाली जात होता. ऊब काढून घेतलेलं पाणी पुन्हा जमिनीत सोडतात, म्हणजे पाण्याचा नाश होत नाही, हे सांगताना मी नेहमी त्या निळ्या बाणावर बोट ठेवायचो. तो माझा हुकमी मुद्दा होता. मोहफुलं वाळवायच्या खोलीचं सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, ‘‘दारू गाळाले बी चालन का थे खोली?’’ बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. सभेचा अध्यक्ष, एक शांत, वयस्कर माणूस, म्हणाला, ‘‘पयले वाळू तर दे.’’ एकंदरीत रंग चांगला होता. मला वाटलं, इथं लवकर सुटका होणार.

पण त्या गावात हात वर करून ठराव होत नाही. तिथली रीत वेगळी आहे. सगळ्यांचं हो आलं तरच हो. एकाचंही नाही असलं, तर सभा उठते. नाही म्हणणाऱ्यावर कोणी रागवत नाही, त्याला कोणी कारणही विचारत नाही. अध्यक्षानं ‘बसू पुन्हा’ म्हणायचं आणि सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. त्या दिवशी अध्यक्षानं एकेका बाजूनं नजर फिरवली. हो, हो, हो, असं येत गेलं. शेवटी खांबाला टेकून बसलेली एक म्हातारी बाई हळूच म्हणाली, ‘‘मले नाई पटलं.’’

अध्यक्ष म्हणाला, ‘‘बसू पुन्हा.’’ आणि लोक चपला शोधायला लागले.

मी त्याला गाठलं. म्हटलं, ‘‘भाऊ, सगळ्यांचं हो आहे. एका बाईसाठी असं कसं?’’

तो म्हणाला, ‘‘एका बाईचं नाई म्हंजे गावाचंच नाई, भाऊ. तुमी असं करा, आता आले का जेवाले तिच्याच घरी जात जा.’’

मला वाटलं, पाहुण्याची सोय लावून दिली. एकटी बाई, घरी काम कमी, जेवण करून घालील. नंतर कळलं की तीही रीतच आहे. ज्याला हो पाहिजे त्यानं नाहीवाल्याच्या घरी जेवायचं. हुज्जत घालायची नाही, मनधरणी करायची नाही. ताटावर बसायचं, वाढलेलं खायचं. आज ना उद्या एक तर तो बोलतो, नाहीतर तुम्ही तुमचं मागणं मागं घेता. हे मला कोणी सांगितलं नाही. आणि मी तर बोलण्याचाच पगार घेणारा. पहिल्या दिवशी भाताला हात लावायच्या आधीच मी तिला लाल बाण समजावून सांगायला लागलो.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘जेवा ना, बाबू. थंडं होऊन राह्यलं.’’

तिचं घर म्हणजे एक खोली, एक ओसरी, एक शेळी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सावलीकडे दिलेली. मी तिकडचा म्हटल्यावर तिनं चारपाच गावांची नावं घेऊन माझी कोणाशी ओळख निघते का ते पाहिलं. निघाली नाही. त्या थंडीत मी तिच्याकडे पुष्कळदा जेवलो. भात, लाखोळीच्या पाल्याची भाजी, कधी सुकी मासोळी. सभा मात्र होईना. कधी बाजार आडवा यायचा, कधी कोणाचं लग्न, कधी अध्यक्षच मुलचेऱ्याला गेलेला. मी मनातल्या मनात गावाच्या नावानं बोटं मोडत होतो. यांना स्वतःच्या भल्याचीही घाई नाही, असं साहेबांना फोनवर म्हणालोसुद्धा. खरं म्हणजे सगळ्या गावाला तिचं कारण ठाऊक होतं. ते तिच्या तोंडून येईपर्यंत सभा घ्यायची नाही, इतकंच त्यांनी ठरवलं होतं.

ते आलं एका सकाळी. मी उतारावर पाण्याची जागा बघायला गेलो होतो. कडाक्याची थंडी होती आणि त्या पाण्यावरून वाफ निघत होती, जरा सडक्या अंड्यासारखा वास होता. वरच्या अंगाला बाई बसली होती. एक हात जमिनीवर पालथा टेकलेला, जसा आपण तापल्या पोराच्या कपाळावर ठेवतो. मला पाहून तिनं हात उचलला नाही.

‘‘बसा,’’ ती म्हणाली. ‘‘हात लावून पाहा. गरम हाये.’’

मी हात टेकवला. होती गरम.

मग तिनं सांगितलं. आवाज अगदी रोजचा, भाजी निवडताना बोलावं तसा. ‘‘पुसाचा महिना होता. भल्ली थंडी. पाचवी झाली होती, नाव ठेवाचं राह्यलं होतं. सकाळी पाह्यलं तं अंग गार. सासरा म्हने, नदीच्या कडेले पुरू. मी म्हटलं, नाई. थंडीनं गेलं लेकरू, त्याले अजूक थंडीत काऊन ठेवता? माया मालकानं मंग इथी खड्डा केला. इथी गरम हाये म्हून.’’

माझा हात अजून मातीवरच होता. 

‘‘थंडी आली का मी इथी येऊन बसते,’’ ती म्हणाली. ‘‘हात लावून पाह्यते. गरम लागली का घरी जाते. आता तुमी म्हनता, गरम पानी वर काढू आन् थंड झालं का खाली सोडू. तो निळा बाण हाये ना तुमच्या तक्त्यावर, तो. मंग इथची माती थंड होईन का, बाबू?’’

माझ्या पिशवीत लोकांच्या गैरसमजांवरची छापील उत्तरं होती. देव कोपेल म्हणाले तर काय सांगायचं, भूकंप होईल म्हणाले तर काय सांगायचं. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले होते. देवदेवस्कीला उत्तर देणं मला कधी जड गेलं नाही, ते आमच्या घरात लहानपणापासून होतं. पण हिनं देवाचं नावही घेतलं नव्हतं. तिचा प्रश्न तापमानाचा होता. आणि खरं सांगायचं तर इतक्या गावांत मिळून कोणी विचारलेला तो सगळ्यात सरळ प्रश्न होता.

‘‘विचारून सांगतो,’’ मी म्हणालो.

मुलचेऱ्याला येऊन बंगाली दादाच्या हॉटेलातून फोन लावला. साहेबांना सगळं सांगितलं. लेकराचंही सांगितलं. ते म्हणाले, ‘‘अरे, वाईट आहे. पण पृष्ठभागावरचा परिणाम नगण्य असतो. तसं सांग.’’

‘‘नगण्य म्हणजे होणार नाही?’’

‘‘म्हणजे फारसा नाही.’’

‘‘थोडी थंड होईल?’’

‘‘त्या पाझराचा आणि खालच्या पाण्याचा संबंध कसा आहे त्यावर ते आहे. टेस्ट बोअर मारल्याशिवाय कोण सांगणार?’’

‘‘पण ते कळल्याशिवाय ती हो म्हणणार नाही. आणि ती हो म्हणाल्याशिवाय बोअर मारता येत नाही.’’

‘‘मग सांगून टाक ना, होणार नाही म्हणून,’’ साहेब वैतागून म्हणाले. ‘‘सगळं एवढं काटेकोर कशाला? माणसाच्या समाधानासाठी आपण बोलतोच की.’’

मी फोन ठेवला. चहा गार झाला होता. दादानं न विचारता दुसरा ठेवला. मी तिथं बराच वेळ बसून राहिलो, आणि मला त्या बाईपेक्षाही जास्त त्या नोकरीचा कंटाळा आला. नंतर मी कंपनीतल्या आणखी दोघांना विचारलं. एकानं इतर देशांची उदाहरणं दिली, तिथं झरे आटलेही होते आणि टिकलेही होते. दुसऱ्यानं माझंच कौतुक केलं, किती बारकाईनं काम करतोस म्हणून. उत्तर कोणाकडे नव्हतं. नाही हे कबूल करायची मात्र कोणाचीच तयारी नव्हती.

मग तेंदूपत्त्याचा हंगाम आला आणि गावात माणूस दिसेना. मग पाऊस. नाले भरले, रस्ता बंद झाला, आणि मी घरी चंद्रपुरात बसून इतर गावांचे अहवाल लिहीत राहिलो. बायको म्हणाली, ‘‘तुमचा चेहरा पाहून कोणी वीज घेईल का? जरा झोपा काढा.’’ मी झोपा काढल्या. थकवा जात नव्हता. माझी दाढी त्याच वर्षी पिकायला लागली, तेही तिनंच दाखवलं.

धान कापणीला आलं तेव्हा रस्ता मोकळा झाला आणि मी परत गेलो. आधी तिच्याकडे. ताट वाढल्यावर म्हणालो, ‘‘बाई, मी विचारलं. ते म्हणतात, नगण्य फरक पडेल.’’

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हणजे मोजण्याएवढा नाही.’’

तिनं भाताचा आणखी एक हात वाढला. ‘‘तो बी मोजण्याएवढा कुठी होता, बाबू,’’ ती म्हणाली. ‘‘कोनं नाई मोजला त्याले.’’

मी खाली मान घालून जेवलो. उठताना तिनंच म्हटलं, ‘‘अध्यक्षाले सांगजा, सभा घे म्हनाव. जे काही हाये थे तिथी सांगा, सगळ्याइसमोर.’’

अध्यक्षाला सांगितलं तसा तो मला बोडीच्या काठानं थोडं दूर घेऊन गेला. तो एरवी घसा खाकरून बोलायचा, त्या दिवशी खाकरलाही नाही. ‘‘भाऊ, थंड नाई होत म्हून सांगून टाका,’’ तो म्हणाला. ‘‘म्हातारीचा जीव हलका होईन. गावाचंही काम होईन. आमी कोनी तुमाले खोटं नाई म्हननार.’’ पुण्याचा इंजिनिअर आणि जंगलातला अध्यक्ष, दोघं एकच सांगत होते, आणि दोघांनाही त्या बाईचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं.

सभेत माणूस न् माणूस आला होता. ज्या बायका एरवी दारातून डोकावून जायच्या त्याही आत येऊन बसल्या. मी सवयीनं तक्ता टांगायला गेलो आणि मग तो गुंडाळूनच ठेवला. बाई खांबापाशी, तिच्या जागेवर होती. ती म्हणाली, ‘‘सांगा, बाबू. थंड होईन का?’’

खोटं बोलायचं नाही असा काही माझा बाणा नव्हता. या कामात मी अर्धवट खरं भरपूर बोललो होतो. पण खोटं रेटून बोलायलाही अंगात जोर लागतो. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आवाज भरीव ठेवायचा, पुढच्या प्रश्नाची तयारी ठेवायची. माझ्यात तेवढा उरला नव्हता.

मी म्हणालो, ‘‘मला माहीत नाही. साहेबांनाही माहीत नाही. होऊ शकते थंड, नाहीही होऊ शकत. भोक पाडल्यावरच कळेल, आणि तेव्हा कळून तुम्हाला उपयोग नाही.’’

अध्यक्षानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटलं. आता तो ‘बसू पुन्हा’ म्हणेल, मी पिशवी उचलीन, आणि या गावाची फाइल बंद होईल.

बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. चेहऱ्याकडे नाही, दाढीकडे. मग ती बोलली, पण माझ्याशी नाही, बायकांकडे तोंड करून.

‘‘तो असता तं या बाबूएवढाच असता ना वो? त्याची बी दाढी पिकाले लागली असती. लगन झालं असतं, पोट्टे झाले असते. मी त्याले अजूकबी पाच दिवसाचाच धरून बसली.’’

एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला.

‘‘एवढ्या बाप्या मानसाले थंडी लागन म्हून मायनं किती दिस बसाचं? पोट्टे अंधारात अभ्यास करून राह्यले, पानकळ्यात सर्प दिसत नाई. बाकीच्याइचे लेकरं बी लेकरंच हायेत.’’ ती थांबली. पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, नुसतं तोंड. ‘‘आता मोठा झाला तो. सोसन. माया हो हाये.’’

अध्यक्षानं रीतीप्रमाणे सगळ्यांकडे पुन्हा नजर फिरवली. पहिल्या वेळेला धडाधड आलेले हो या वेळी घशातून ओढून काढावे लागत होते. पण सगळ्यांचे आले. ठराव झाला. कोणी टाळी वाजवली नाही, चहाही झाला नाही. बाहेर निघताना अध्यक्ष मला म्हणाला, ‘‘सांगून टाकलं असतं तं बरं होतं, भाऊ.’’ मी अजूनही ठरवू शकलेलो नाही की तो बरोबर होता की नाही.

मुलचेऱ्याला येऊन मी साहेबांना फोन केला. त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं, ‘‘झालं.’’ ते खूश झाले. मशीनची गाडी लवकरच पाठवतो म्हणाले.

गाडी आली नाही. आधी मशीन दुसरीकडे गुंतलंय म्हणून, मग नवीन वर्षाचं नियोजन व्हायचंय म्हणून. मी विचारत राहिलो. मग एक दिवस कळलं की आमच्या भागातलं काम थांबवलंय, आता लक्ष गोदावरीच्या पलीकडे. का, ते कोणी सांगितलं नाही. कदाचित सांगणाऱ्यालाही माहीत नसेल. मला दुसऱ्या कामावर घेतलं, बोलण्याच्याच. साहेब म्हणाले, त्या गावात आता जायची गरज नाही.

तरी मी गेलो. रजा काढून, मोटरसायकलनं, पौषातल्या थंडीत. वाटेत मी मनाला समजावत होतो की ही तशी चांगलीच बातमी आहे. एवढे दिवस जे उत्तर मिळत नव्हतं ते आता माझ्याकडे पक्कं होतं. माती थंड होणार नाही. नगण्यसुद्धा होणार नाही. पहिल्यांदा मी त्या बाईला काहीतरी खात्रीचं सांगू शकणार होतो.

अध्यक्ष वाटेतच भेटला. त्याला सांगितलं. तो रागावला नाही, हेच मला जास्त लागलं. म्हणाला, ‘‘असंच होते, भाऊ. येनारे बी तुमीच, जानारे बी तुमीच.’’ आणि बैल हाकत निघून गेला.

बाई उतारावर असेल म्हणून मी आधी तिकडं वळणार होतो, पण ती घरीच दिसली. अंगणात उन्हाला बसून लाखोळीचा पाला निवडत होती. शेळी बाजूला. मला पाहून उठायला लागली, मी बसवलं. चहाला नको म्हटलं, तिनं ऐकलं नाही. पितळी पेला हातात आल्यावर मी सांगितलं.

‘‘बाई, ते काम रद्द झालं. भोक पाडत नाहीत. ती जागा जशीच्या तशी राहणार. माती गरमच राहील. आता थंड व्हायची भीती नाही.’’

ती पाला निवडत राहिली. ‘‘बरं,’’ म्हणाली.

मला आणखी काहीतरी हवं होतं. काय ते मलाही सांगता आलं नसतं. मी म्हणालो, ‘‘थंडी फार पडली आहे या वर्षी. तुम्ही गेला नाही आज तिकडे?’’

‘‘नाई जात आता.’’

‘‘का?’’

तिनं हातातली काडी टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ती इतकी दमलेली दिसत होती की मला माझ्या थकव्याची लाज वाटली.

‘‘बाबू, एवढे वर्ष तो पाच दिवसाचा होता,’’ ती म्हणाली. ‘‘मी हात ठेवाची, त्याले कळाचं. तुमच्या कामासाठी मी त्याले मोठा केला. एका सभेत दाढीचा बाप्या केला. गेली होती मी मंग, एकदा गेली होती. हात ठेवला. आता मोठ्या मानसावर कसा हात ठेवाचा? लाजल्यावानी वाटलं. आता तुमी म्हनता, काम नाई होत. मंग आता मी त्याले पुन्हा लहान कसा करू, थे सांगा.’’

मी चहा संपवला. तिनं जेवून जायला सांगितलं, आणि मी जेवलो, कारण त्या घरात आता मला कशाचंच हो नको होतं आणि तरी उठवत नव्हतं. तिनं भात दोनदा वाढला. जाताना सावलीच्या मुलीसाठी पाल्याची जुडी दिली, ती मी पोचवली.

निघण्याआधी मी उतारावर गेलो. पाण्यावर वाफ होती, तोच वास होता. तिच्या बसायच्या जागेवर गवत उगवायला लागलं होतं. मी खाली बसून हात टेकवला. माती गरम होती.